भिजलेला तागा, भरलेला गल्ला

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शाहूपुरीतील दुकानांत शिरले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. मधल्या २०२० साली लग्नसराई आणि रमजान टाळेबंदीत गेले. कोल्हापूरच्या कापडव्यापाऱ्याला तीन वर्षांत तीन तडाखे बसले.

नुकसान मुकाट सोसले की सब्र झाला, असे आपण समजतो. पण आमच्या धंद्यात परीक्षा सुरू होते ती पाणी ओसरल्यावर. भिजलेला तागा धुऊन, इस्त्री करून, नव्या घडीत पुन्हा फळीवर ठेवता येतो. डोक्यावर देणी असतात, घाऊकवाल्याचा तगादा असतो. अशा वेळी ‘पुरातला माल आहे’ हे तीन शब्द गिऱ्हाइकापुढे जिभेवर येत नाहीत.

बाजारात धान्याच्या एका ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले, आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. पाऊस काही त्या विक्रेत्याने पाडला नव्हता! तरी लपवणे माफ झाले नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्याचे कापडव्यापारीच. भागीदाराने एका कापडातली खोट न सांगता माल विकला, तेव्हा इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम दान केली, असे चरित्रकार सांगतात.

आता भरलेल्या गल्ल्याविषयी. सूरह हदीदच्या २३ व्या आयतीत गेलेल्याचा शोक आणि मिळालेल्याची घमेंड या दोहोंपासून रोखले आहे. यातला दुसरा भाग आम्हाला जास्त अवघड वाटतो. एक दिवाळी, एक ईद चांगली गेली की सुरतेहून दुप्पट माल उधारीवर येतो, दुसऱ्या दुकानाची पागडी ठरते. याला जकातीचा हिशेब हा उत्तम उतारा आहे. दरवर्षी शिल्लक माल आजच्या भावाने मोजावा, येणे धरावे, देणे वजा करावे. अडीच टक्के तर निघतातच, शिवाय दुकानात आपले किती आणि दुसऱ्याचे किती, हेही कळते.

अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड द्यावी, असा सूरह बकराचा (आयत २८०) हुकूम आहे. घाऊकवाल्यांनी तो पुराच्या वर्षी आठवावा. दुकानदारानेही फोन बंद न ठेवता वही घेऊन स्वतः पेढीवर जावे आणि तारीख मागून घ्यावी.