‘नॅनो’च्या पाटीआधी रसायनशास्त्र

सोन्याचे सुमारे १५ नॅनोमीटरचे कण पाण्यात सुटे असले की द्रावण लाल दिसते. ते एकमेकांना चिकटू लागले की जांभळे-निळे होते. कण सुटे ठेवायचे की एकत्र आणायचे, हे ठरवण्यासाठी त्यांच्यावर पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बसवतात. साखळीतील सिस्टीनचे गंधक सोन्याला घट्ट धरते. २००४ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी पाच अमिनो आम्लांचे पेप्टाइड वापरून कण स्थिर ठेवले: सिस्टीन सोन्यावर, पाणी टाळणारे अ‍ॅलानीन व ल्युसीन मध्ये दाटीने आणि पाणी मानवणारी दोन अस्परजीन बाहेरच्या टोकाला. बाहेर ग्लुटामिक आम्ल असेल तर आम्लता वाढताच ऋणभार घटतो, कणांमधले प्रतिकर्षण ओसरते आणि ते जवळ येतात.

या कामाला गंधक-सोने बंध, पीएच आणि प्रकाशाचे शोषण पक्के समजलेला माणूस लागतो. म्हणूनच बारावीनंतर केवळ नावाला भुलून ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ची पदवी घेणे चुकीचे आहे. त्यात चार विषयांची तोंडओळख होते, एकही मुरत नाही. भरभक्कम शुल्क भरण्याआधी पालकांनी त्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहावी.

अभियांत्रिकी आणि वैद्यकीयचे मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. दुर्लक्षित राहते ती रसायनशास्त्रातील साधी बी.एस्सी. तिच्यानंतर ‘जॅम’ परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी. करता येते, किंवा बारावीनंतर थेट आयसरची (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांची) प्रवेश परीक्षाही देता येते. पुण्यात आयसर (२००६) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) शेजारीच आहेत. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये मिळतात. २०२३ पासून हा दर लागू आहे.

ही वाट लांब आहे. पीएच.डी. हाती येईपर्यंत वय सत्तावीस-अठ्ठावीस होते. तोवर ‘कमावणार कधी?’ हा प्रश्न आणि मुलीच्या बाबतीत लग्नाचा विषय घरात रोज निघत असेल, तर संशोधन होत नाही. घराला लवकर मिळकत हवी असेल, तर पालकांनी तसे आधीच सांगावे. त्यात कमीपणा नाही. मात्र शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून शाखा लादू नये. विद्यार्थ्यानेही स्वतःला तपासावे: एकच प्रयोग दहा वेळा फसल्यावर अकराव्यांदा करण्याची तयारी नसेल, तर हे क्षेत्र त्याचे नव्हे.