वस्त्रातील अँटेना आणि जुळवणीचा प्रश्न

रुग्णाच्या नाडीची नोंद त्याच्या सदऱ्यातूनच बिनतारी पाठविता यावी, यासाठी कापडावर वाहक धाग्यांचा अँटेना बसविला जातो. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारतात २००५ पासून परवानामुक्त असलेला २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यास सोयीचा आहे.

खरी अडचण कापडाची आहे. अँटेनाची अनुनाद वारंवारता कापडाच्या पारविद्युत स्थिरांकाच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. सुक्या सुती कापडाचा हा स्थिरांक सुमारे १.६, तर पाण्याचा सुमारे ८० असतो. दिल्लीच्या कोरड्या मे महिन्यात २४५० मेगाहर्ट्झला जुळविलेले कापड ऑगस्टमध्ये घामाने भिजून स्थिरांक १.८ झाला, तर वारंवारता ढोबळमानाने २३१० वर घसरते. ती पट्ट्याबाहेर गेल्याने संदेश क्षीण होतो.

यावर उपाय व्हॅरॅक्टर डायोडचा. त्यावरील उलट दिशेचा विद्युतदाब वाढविल्यास धारिता घटते व वारंवारता पुन्हा वर येते. मात्र डायोडचे सांधे धुलाईत टिकावे लागतात. म्हणूनच हा विषय इलेक्ट्रॉनिकीइतकाच वस्त्रविद्येचाही आहे. आयआयटी दिल्लीत या दोन्ही शाखा एकाच परिसरात आहेत.