दहाव्या हातपंपाचा आकडा

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीला जे दरवाजे होते, त्यांपैकी एक खंडेराव गेट. त्याच्या नावानेच भोवतालचा परिसर ओळखला जातो. येथील भूमी बुंदेलखंडातील ग्रॅनाइटची आहे. पावसाचे पाणी या कठीण खडकाच्या भेगांत साठते आणि तेच विहिरींना व हातपंपांना मिळते. सर्व भेगा एकमेकींना जोडलेल्या नसतात. म्हणून एकाच वस्तीतील दोन पंपांचे पाणी वेगळे असू शकते.

समजा, या परिसरातील काही विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी दहा हातपंपांच्या पाण्याचा कठीणपणा तपासण्याचे ठरवले. पद्धत सोपी आहे. सारख्या बाटल्यांत सारखेच पाणी घ्यायचे, साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने टाकायचे, बाटली हलवायची आणि टिकणारा फेस येईपर्यंतचे थेंब मोजायचे. कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून साका तयार करतात. त्यामुळे अशा पाण्याला अधिक थेंब लागतात.

नऊ पंपांना अठरा ते चोवीस थेंब लागले. दहाव्याला लागले सत्तेचाळीस. आलेख बिघडला. उद्या प्रदर्शन, तेव्हा सत्तेचाळीसच्या जागी सत्तावीस लिहिले तर कोणाला कळणार?

प्रकल्पाच्या नीतीचा खरा प्रश्न येथे उभा राहतो. हा आकडा चुकीचा असू शकतो. बाटलीत आधीचे क्षार राहिले असतील किंवा द्रावण बदलले असेल. परंतु तो खराही असू शकतो, कारण त्या पंपाचे पाणी कदाचित वेगळ्याच भेगेतून येत असेल. तसे असेल तर सत्तावीस लिहिणारा विद्यार्थी आपल्या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा शोधच पुसून टाकतो. म्हणून तपासणी पुन्हा करावी, निदान तीन वेळा. पहिला आकडा खोडरबराने घालवू नये. चूक सापडलीच, तर त्यावर एक रेघ मारून कारण शेजारी लिहावे. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेसमध्ये प्रकल्पासोबत दैनंदिन नोंदवही मागतात, ती यासाठीच. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठीच्या या उपक्रमाने शाळेबाहेरील मुलांनाही दार उघडे ठेवले, हे विशेष.

आकडा खरा ठरला तरी त्यातून किती बोलावे, यालाही मर्यादा आहे. २०१२ च्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लीटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य असतो. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. थेंबांची संख्या म्हणजे मिलिग्रॅम नव्हे. 'हे पाणी विषारी आहे' असा फलक लावला, तर घरातील बाया उद्यापासून दूरच्या पंपावर हंडे घेऊन जातील, आणि तेही पुराव्यावाचून. उलट आकडा दडपला, तर तेच पाणी तपासणीविना प्यायले जाईल. 'या पंपाचे पाणी इतरांहून अधिक कठीण आढळले. प्रयोगशाळेत तपासावे' एवढेच विधान प्रामाणिक होय.

हीच मुले घरोघरी जाऊन पोटाच्या दुखण्यांची विचारपूस करणार असतील, तर आणखी एक बंधन येते. हेतू सांगून आधी परवानगी घ्यावी. नकार मिळाल्यास पुन्हा विचारू नये. तक्त्यावर घराचे वा आजाऱ्याचे नाव लिहू नये. अमेरिकेत १९५० पासून चालत आलेल्या आणि पुढे आंतरराष्ट्रीय झालेल्या विज्ञान मेळाव्यात माणसांवरील अशा अभ्यासांना सुरुवातीपूर्वीच एका समितीची संमती लागते. तेथे घरी जिवाणू वाढवण्यासही मनाई आहे. पाण्यातील जंतू 'वाढवून दाखवण्याची' हौस म्हणूनच प्रयोगशाळेपुरती ठेवावी. प्राण्यांचेही तसेच: पुस्तके, प्रतिकृती वा चित्रफितींनी काम भागत असेल, तेथे शिक्षणासाठी त्यांच्यावर प्रयोग टाळावेत, हे तत्त्व १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे.

राहता राहिली मोठ्यांची मदत. बाजारातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी प्रदर्शनात सुबक दिसतो; त्यातून मुलाच्या हाती मात्र काही लागत नाही. मार्गदर्शकाने द्रावण करण्याची रीत दाखवावी, थेंब मुलांनीच मोजावेत. कोणाचे साहाय्य घेतले, तक्ता कोठून घेतला, हे अहवालात नोंदवावे. परीक्षकाने 'हे कोणी केले?' असे विचारताच मूल वडिलांकडे पाहू लागले, तर गुण देणे अवघड होते.

पाठगत प्रश्न

१. दहाव्या पंपाची पुन्हा तपासणी केली असता शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस आणि एकवीस असे आकडे मिळाले. अहवालात काय लिहाल व का?

२. त्या पंपाशेजारी राहणाऱ्या काकूंनी विचारले, "बाळांनो, आमचं पाणी चांगलं आहे ना?" विद्यार्थ्यांनी द्यावयाचे उत्तर तीन-चार वाक्यांत लिहा.