निरोप पोचला नाही तर?

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूस एक मऊ ग्रंथी असते. वयात आल्यावर ती आकसत जाते, म्हणून तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. इंग्रजीत तिचे नाव थायमस. अस्थिमज्जेतून आलेल्या कच्च्या पेशी येथे तयार होऊन 'टी पेशी' बनतात व रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करतात. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले.

परंतु नुसते ग्रंथीत येऊन भागत नाही. 'जगा आणि वाढा' असा निरोप कच्च्या पेशींना मिळावा लागतो. तो ग्रंथीतील अस्तर-पेशी देतात. त्या इंटरल्यूकिन-७ नावाचे प्रथिन स्रवतात. अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात.

दारावरील विजेच्या घंटेचे उदाहरण घेऊ. बटण बाहेर दाबले की घंटा आत वाजते. बोट घरात शिरावे लागत नाही. येथे बटण म्हणजे पेशीच्या आवरणावरील ग्राही. त्याच्या अल्फा व गॅमा अशा दोन साखळ्या असतात. इंटरल्यूकिन-७ त्यांना एकत्र आणते. त्याबरोबर साखळ्यांच्या आतील टोकांशी असलेली जॅक-१ व जॅक-३ ही विकरे कार्यान्वित होतात. त्यांच्यामुळे स्टॅट-५ या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो. मग स्टॅट-५ चे रेणू जोडीने केंद्रकात जातात व ठरावीक जनुकांना कामास लावतात. पेशी तगते.

ही तार तुटली तर? अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९७१ साली जन्मलेल्या डेव्हिड व्हेटर या मुलाला जन्मापासून निर्जंतुक प्लॅस्टिकच्या कक्षात ठेवावे लागले. बहिणीच्या अस्थिमज्जेचे रोपण झाले, पण तिच्यातून आलेल्या विषाणूमुळे त्याला कर्करोग झाला. १९८४ साली, बाराव्या वर्षी, तो वारला. या रोगाचे मूळ १९९३ साली उमगले: गॅमा साखळीच्या जनुकात दोष!

अशा रुग्णांत टी पेशी जवळजवळ नसतात. 'बी पेशी' मात्र असतात. उंदरांत हाच दोष बी पेशींनाही घटवितो. म्हणजे उंदरावरून माणसाचे अनुमान जपूनच करावे.

आता विचार करा. गॅमा साखळीचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, तर जॅक-३ चे १९ व्या गुणसूत्रावर. मग पहिल्या दोषाने होणारा रोग बहुधा मुलांनाच का होतो, आणि दुसऱ्याने होणारा मुलींनाही का?