गावचा कारभार आणि आपली सही

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. गावातली बोरिंग बंद पडली तर कोणाकडे जावे? शाळेचे छप्पर गळते तर कोणाला सांगावे? तलावाची पाळ खचली तर कोणाच्या दारात उभे राहावे?

पुष्कळ लोक म्हणतात, "सरकारकडे." पण सरकार म्हणजे कोण? मुंबई तर फार लांब. आपल्या रोजच्या कामाचे सरकार मात्र इतके लांब नाही. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. एक गावात, दुसरी तालुक्याला, तिसरी भंडाऱ्याला.

पहिली पायरी ग्रामपंचायत. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे तिच्यात ७ ते १७ सदस्य असतात. मुदत पाच वर्षांची. २०२२ पासून सरपंचाला पुन्हा आपण सर्व मतदार थेट निवडून देतो. पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, नाल्या, गल्लीतले रस्ते, जन्ममृत्यूची नोंद ही कामे ग्रामपंचायतीची. पैसा येतो तो घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी निधी यांतून. म्हणजे त्यात तुमचा-माझाही पैसा असतो. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, हिशेब व दप्तर सांभाळतो. तो निवडून येत नाही, तो पगारी नोकर आहे.

दुसरी पायरी पंचायत समिती. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर असे आपल्या जिल्ह्याचे सात तालुके. प्रत्येक तालुक्याला एक पंचायत समिती आहे. तिचा प्रमुख सभापती. तो लोकांनी निवडलेल्या सदस्यांतला असतो. कचेरीचे काम गटविकास अधिकारी पाहतो. आपण त्याला बीडीओ म्हणतो.

तिसरी पायरी जिल्हा परिषद. २०२१-२२ च्या निवडणुकीत आपल्या जिल्हा परिषदेत ५२ जागा होत्या. गावची प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावाला जोडणारे लहान रस्ते हे तिच्याकडे. आपल्या जिल्ह्यातले पुष्कळ लहान मालगुजारी तलावही तिच्याकडेच आहेत.

म्हणून बोरिंगसाठी आधी ग्रामपंचायतीत जा. मालगुजारी तलावाच्या पाळीसाठी अर्ज जिल्हा परिषदेपर्यंत गेला पाहिजे. दार चुकले, की हेलपाटा पडतो.

हा कारभार लोकांच्या हाती एकदम आला नाही. पूर्वी आपल्या भागात गावाचा धनी मालगुजार होता. १९५१ साली मालगुजारी गेली. त्या आधीच, १९४८ साली, जुन्या मध्यप्रांतात जनपद सभांचा कायदा झाला. तहसिलीचा कारभार तहसिलीतल्या लोकांनी पाहावा, असा त्याचा हेतू होता. १९५६ साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. नव्या राज्याने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे १९९३ साली पंचायतींना थेट राज्यघटनेचा आधार मिळाला. आता निवडणूक टाळून कारभार कायम दुसऱ्याच्या हाती ठेवता येत नाही. स्त्रियांना आधी एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत.

तीन पायऱ्या झाल्या. पण पायऱ्या ज्यावर उभ्या आहेत ते जोते वेगळेच. ते जोते म्हणजे ग्रामसभा.

ग्रामसभेत निवडून यावे लागत नाही. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक स्त्री-पुरुष तिचा सभासद. वर्षातून निदान चार सभा व्हायला पाहिजेत. त्यांच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते. गावात यंदा कोणती कामे घ्यायची, घरकुल कोणाला द्यायचे, मागच्या वर्षी पैसा कुठे गेला, हे सारे इथे मांडावे लागते.

दूर युरोपात स्वित्झर्लंड नावाचा डोंगराळ देश आहे. तिथल्या ग्लारूस आणि आपेनझेल या भागांत अजून अशी रीत आहे. वर्षातून एकदा सारे मतदार उघड्या चौकात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. आपेनझेलमध्ये पुरुष कमरेला तलवार लावून येतात. तीच त्यांची मतदार असल्याची खूण. पण त्याच आपेनझेलमध्ये बायांना या सभेत मत नव्हते. १९९० साली न्यायालयाने सांगितले, तेव्हा कुठे ते मिळाले. आपल्या देशात १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून बायांना मत आहे. जे त्यांना भांडून मिळाले, ते आपल्याला घरबसल्या मिळाले. म्हणूनच की काय, आपण सभेला जात नाही.

न गेल्याने काय होते, ते ऐका. सभेला मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० माणसे, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी माणसे आली नाहीत, तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा हजेरीची ही अट राहत नाही. चार माणसे बसली, तरी ठराव होतो. आणि तो साऱ्या गावाचा ठराव समजला जातो.

आता माझीच एक चूक सांगतो. मी एका गावी मुख्याध्यापक होतो. एके दुपारी पंचायतीचा माणूस शाळेत रजिस्टर घेऊन आला. म्हणाला, "गुरुजी, सभेला आले नाही, सही तेवढी करून द्या." मी घाईत होतो. सही केली. वरचे पान कोरे होते. पुढे त्या कोऱ्या जागी ठराव लिहिला गेला. टोलीसाठी ठरलेली बोरिंग मोठ्या गल्लीत घ्यावी, असा तो ठराव. खाली माझी सही. टोलीच्या बाया त्या उन्हाळ्यातही लांबून पाणी आणत राहिल्या. मी मॅट्रिक झालेला माणूस. अक्षर येत होते, पण वाचले नाही. त्या बाया शाळेवरून घागरी घेऊन जात, तेव्हा मला मान वर करवत नसे.

दोन वर्षांनी त्याच गावात रात्रीचा साक्षरता वर्ग निघाला. टोलीची एक मावशी रोज येई. पुढच्या ग्रामसभेत रजिस्टर तिच्यापुढे आले. तिने पान पाहिले आणि म्हणाली, "सही तर मले येते जी. पण वर काहीच लिहिलं नाही."

"लिहू नंतर," तो माणूस म्हणाला.

"मंग सही बी नंतर."

सभा थांबली. ठराव तिथेच लिहिला, सर्वांना वाचून दाखवला. मग मावशीने सही केली. तिच्याखाली मी केली. टोलीवर बोरिंग झाली ती त्या ठरावाने.

मंडळी, ठरावाची नक्कल मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दहा रुपये भरून साध्या कागदावर अर्ज करता येतो. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

सही शिकलात, फार चांगले झाले. पण सही म्हणजे आपला शब्द. कोऱ्या कागदावर कोणी शब्द देत नाही. आधी वाचा, समजले नाही तर विचारा, मग सही करा.

प्रश्न
१. गावच्या कारभाराच्या तीन पायऱ्या कोणत्या?
२. ग्रामसभेचा सभासद कोण असतो?
३. तहकूब सभेत काय धोका असतो?
४. गुरुजींची चूक कोणती? मावशीने काय केले?
५. तुमच्या गावची मागची ग्रामसभा कधी झाली? कोणते ठराव झाले? पंचायतीत जाऊन वाचून या आणि वर्गात सांगा.