आवाज न करणारी गाडी

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी साडेसातच्या सुमारास मी दवाखान्याकडे निघालो होतो. आमच्या आळीच्या वळणावर माझ्याच एक जुन्या पेशंट, वय वर्षे ६८, हातात दुधाची किटली घेऊन पाठमोऱ्या चालल्या होत्या. त्या बाजूला होतील असे मी गृहीत धरले. गेली कित्येक वर्षे त्या होतच आल्या आहेत, कारण माझ्या जुन्या स्कूटरची फटफट त्यांना चौकापासून ऐकू येत असे. त्या दिवशी मात्र मी नव्या विजेच्या स्कूटरवर होतो. अगदी जवळ गेल्यावर मी हॉर्न दिला. काकू दचकल्या आणि बाजूला होण्याऐवजी नेमक्या गाडीसमोर आल्या. हँडलचा धक्का लागला, पडताना त्यांनी हात टेकला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले.

"डॉक्टर, मागे कुणी असेल असं वाटलंच नाही हो मला," एवढेच त्या म्हणाल्या. चूक सर्वस्वी माझी होती. ज्याने लोकांची हाडे सांभाळायची त्यानेच मोडावीत, ही लाज अजून गेलेली नाही. पण त्या निमित्ताने या गाड्यांचा मी जरा विचार केला. आता त्या गावोगाव दिसू लागल्या आहेत, तेव्हा वाचकांपुढे तो मांडतो.

रस्त्यावर चालणारा माणूस पुढचे डोळ्यांनी बघतो, मागचे कानांनी. बैलगाडीला घुंगरमाळ आणि टांग्याला घंटा होती, ती काही हौसेपुरती नव्हती. पेट्रोलच्या गाडीला इंजिनाचा आवाज आपोआप मिळाला. विजेच्या मोटारीला तो नाही. गाडी वेगात असली तर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज येतो, पण गल्लीबोळात, ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेगाने जाताना तोही जवळजवळ नसतो. जी थोडी बारीक शीळ ऐकू येते ती उंच पट्टीची असते. वय झाले की कानांतून आधी उंच पट्टीचेच आवाज जातात. काकूंना समोरासमोरचे बोलणे नीट ऐकू येते. त्यांच्या दृष्टीने माझी गाडी मात्र मुकीच होती.

हा केवळ आमच्या आळीचा अनुभव नाही. ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ या काळातील अपघातांचा अभ्यास लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. सारखेच अंतर धावलेल्या मोटारींची तुलना केली तेव्हा विजेच्या व हायब्रीड मोटारींकडून पादचाऱ्यांना इजा होण्याचे प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या मोटारींच्या दुप्पट आढळले, शहरी भागात तर त्याहून अधिक. आता अशा मोटारी चालवणारे बहुधा वयाने तरुण असतात हेही एक कारण असू शकेल, असे त्या संशोधकांनीच नमूद केले आहे. तेव्हा सगळा दोष शांततेच्या माथी मारू नये. तरी युरोपात २०२१ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला कमी वेगात मुद्दाम आवाज करणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले. त्याची गरज पटल्याशिवाय तसे झाले नसते.

ही झाली चालणाऱ्याची बाजू. चालवणाऱ्याचे काय होते, ते मला स्वतःला उशिरा कळले. वेग किती आहे हे आपण काट्याकडे बघून फार क्वचित ठरवतो. इंजिनाचा सूर आणि हँडलची थरथर यांवरून तो शरीराला उमगतो. तो सूरच नाहीसा झाला की चाळीसचा वेग तीससारखा वाटतो. माझ्याच बाबतीत पहिले दोन-तीन महिने असे होत होते. शिवाय विजेची मोटार जागेवरूनच पूर्ण जोर देते. जुनी स्कूटर जरा कुरकुर करून मग हलत असे. ही मनगट वळताच पुढे उडी घेते.

उभ्या गाडीचा धोका तर याहून मोठा. गाडी चालू आहे हे सांगणारा आवाजच नसल्यामुळे किल्ली तशीच ठेवून लोक दुकानदाराशी बोलत राहतात. पुढे उभे केलेले पोर हँडलशी खेळते, मूठ पिळते, आणि गाडी सरळ ओट्यावर जाऊन आदळते. पायउतार होण्याआधी गाडी बंद करावी आणि मुलाला मुठीपाशी उभे करू नये.

काही गाड्यांमध्ये मूठ सोडताच वेग एकदम कमी होतो. मागे आडव्या बसलेल्या आजींना त्याची कल्पना द्यावी.

आता पालकांसाठी. ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या आणि २५० वॅटहून कमी शक्तीच्या दुचाकींना लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही. म्हणून नववी-दहावीतल्या मुलांना क्लासला जायला ती सर्रास दिली जाते, आणि हेल्मेटचे नावही निघत नाही. कायद्याने लायसन्स मागितले नाही म्हणून डोके टणक होत नाही. हिशेब करून पाहा. ताशी २५ च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे आठ फुटांवरून खाली पडणे, आणि ताशी ४० च्या वेगाने म्हणजे वीस फुटांवरून. आपल्या मुलाला आठ फुटांवरून डोक्यावर पडू द्याल का? त्यातून काही मंडळी मेकॅनिककडून वेगाची मर्यादा काढून घेतात. मग ती गाडी २५ ची राहत नाही, कागदावरही नाही.

डोक्याच्या दुखापतीबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. पडलेला मुलगा उठला, बोलला, चहा प्याला, म्हणजे संकट टळले असे नाही. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली की रक्त हळूहळू साचते आणि तासा-दोन तासांनी, कधी आणखी उशिराने, चांगला बोलणारा पेशंट गुंगीत जातो. घरचे म्हणतात, दमला आहे, झोपू द्या. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणे, झटका, कानातून पाणी किंवा रक्त, एका डोळ्याची बाहुली मोठी, यांतले एकही दिसले तर १०८ ला फोन करावा किंवा सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. तोंडातून काही देऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना किरकोळ मार लागला तरी डॉक्टरांना दाखवावे. त्यांच्यात हा रक्तस्राव दोन-तीन आठवड्यांनीही डोके वर काढतो.

गाडी मी विकलेली नाही. धूर नाही आणि खर्च फारच कमी, हे खरेच आहे. वळणावर मात्र पायी चालल्यासारखी नेतो, आणि पाठमोरे माणूस दिसले की लांबूनच एकदा हलका हॉर्न देतो. अंगावर जाऊन जोराचा हॉर्न दिला की माणूस कुठे उडी मारील ते सांगता येत नाही, हे मी पाहिले आहे. दिवसाही दिवा चालू ठेवतो. काकूंनी चाकाला घुंगरू बांधायला सांगितले आहे.

त्यांचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. बोटे आखडू नयेत म्हणून कोमट पाण्यात मूठ उघडण्या-मिटण्याचा व्यायाम त्या नेमाने करतात. हाड जुळले आहे, फोटोतही चांगले दिसते. पण भाकरी थापताना मनगट अजून दुखते म्हणतात.