थेंबाची किंमत : ॲलर्जी, बुरशी आणि दृष्टी

नवी दिल्ली रेल्वे स्थानकालगतच्या पहाडगंजमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर धूर आणि धूळ वाढली, की डोळ्यांची चुरचुरही वाढते. समजा, तेथील एखादा हमाल औषधाच्या दुकानातून थेंब विकत घेतो. रुग्णालयात गेल्यास दिवसाची मजुरी बुडते. थेंब मात्र तत्काळ मिळतात. हा निर्णय अविवेकी म्हणता येणार नाही. त्यात उणीव आहे ती माहितीची.

ॲलर्जीमध्ये शरीरातील पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते. खाज सुटते, डोळा लाल होतो. ओलोपॅटॅडिन, केटोटिफेन यांसारखी हिस्टामिनरोधी औषधे हा परिणाम रोखतात. त्यांमुळे बुरशी होत नाही. पण झालेली बुरशी बरी करण्याचे ते औषधही नव्हे. काही हिस्टामिनरोधी रेणूंनी प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखली आहे, तथापि काचेच्या बशीतील यश म्हणजे उपचार नव्हे. अधिक गंभीर धोका स्टेरॉइडयुक्त थेंबांचा आहे. त्यांनी लाली झपाट्याने ओसरते, मात्र स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी आत पसरते. डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडे 'अनुसूची एच'मध्ये मोडतात, म्हणजेच डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री करता येत नाही. कायद्यातील तरतूद आणि दुकानातील व्यवहार यांतील अंतर परीक्षार्थींना नव्याने सांगायला नको.

पारपटलाला, म्हणजे कॉर्नियाला, काडीकचरा किंवा माती लागून इजा झाली, की फ्युझेरियम, ॲस्परजिलस या बुरशींना शिरकाव मिळतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक व्यक्तींना हा विकार होतो. भारताच्या 2015-19 च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतील अंधत्वाचे प्रमुख कारण पारपटलाची अपारदर्शकता हेच आढळले, वाटा 37.5 टक्के. अर्थात ही सर्व प्रकरणे बुरशीची नव्हेत. परंतु येथे हानी उत्पादक वयात होते, ही बाब मोतीबिंदूच्या तुलनेत लक्षणीय ठरते.

उपचाराबाबतचा महत्त्वाचा पुरावा भारतातूनच आला. दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांत 2010-11 मध्ये 323 रुग्णांवर झालेल्या चाचणीत जुने नॅटामायसिन हे नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरले. फ्युझेरियमच्या बाबतीत विशेषत्वाने. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नॅटामायसिनचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. मात्र चाचणीतील उपचारक्रम असा होता : पहिला आठवडा जागेपणी दर तासाला एक थेंब, नंतर तिसऱ्या आठवड्यापर्यंत दर दोन तासांनी. रोजंदारीवरील हमालाच्या खर्चात औषधाच्या किमतीबरोबर या तीन आठवड्यांची मजुरीही धरावी लागते, आणि ती कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर छापलेली नसते.